वालाला पाणी नको

आमच्या परसात पाणी घालायचे डबे हमरापूरहून आलेत. विकत आणलेले नाहीत. माझी आई तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. रंग संपला की प्लास्टिकचे डबे कोपऱ्यात पडून राहतात. मालकांना विचारून आईने ते एकेक करून आणले. कितीही घासले तरी काठाला रंग राहतोच, त्यामुळे कोणाचा डबा कोणता ते लांबूनही कळतं. कंडक्टर काकांचा पीतांबराचा पिवळा, वहिनीचा अंगाचा गुलाबी, आमचा मुकुटाचा सोनेरी. चाचीच्या वाट्याला उंदराचा करडा आला.

"सगळ्यांना देवाचे रंग, न् मला उंदीर," चाची म्हणाली होती.

"चाची, उंदीर म्हणजे गाडी," काका म्हणाले. "गाडी नसली तर देव जाणार कसा?"

काका रोहा डेपोतून निवृत्त झालेले एसटी कंडक्टर. त्यांना सगळ्या गोष्टींत गाडी दिसते. सकाळी परसात कामाला सुरुवात करतानाही ते "डबल बेल" म्हणतात.

मी कॉलेजात जाणारी आमच्या घरातली पहिलीच. त्यामुळे काही लिहिलं तर ते बरोबर आहे का, हे घरात कोणाला विचारता येत नाही. आई म्हणते, "तू लिवलंस म्हंजे बरोबरच असेल," आणि तेवढ्याने मला आणखीच भीती वाटते. म्हणून जे झालं ते झालं तसं सांगायचा प्रयत्न करते. गोष्ट वालाची आहे.

आधी परसाबद्दल सांगायला हवं. पेणच्या कडेला, जिथे आमच्या बिल्डिंगी आहेत, तिथे पूर्वी भाताची खाचरं होती. बिल्डिंगी बांधताना भराव टाकून जमीन उंच केली, पण मधली मोकळी जागा तशीच खोलगट राहिली. तिथे बगीचा होणार असं आम्ही राहायला आलो तेव्हा सांगितलं होतं. बगीचा काही झाला नाही. पावसात तिथे गुडघाभर पाणी साचायचं आणि उन्हाळ्यात मुलं क्रिकेट खेळायची. मग एका वर्षी काकांनी कोपऱ्यात अळू लावलं. वहिनीने त्याच्या बाजूला भेंडी लावली. कोणी काही बोललं नाही, म्हणून आईनेही वाफा धरला. फ्लॅटच्या मागे कोणालाच परस नव्हता, तर हा सगळ्यांचा मिळून एक परस झाला. आता तिथे बरेच वाफे आहेत, पण नळाजवळचे चार आमचे, आणि रोजची उठबस याच चौघांची.

शेजारची वहिनी धरमतरकडची. खाडीवरच्या गावात वाढलेली. तिचा नवरा जेटीवर कामाला आहे. ती मासळीचं धुवण बाटलीत भरून आणते आणि भेंडीच्या मुळाशी ओतते. त्या दिवशी परसात मांजरं जमतात आणि काका नाक धरून फिरतात.

"वास येतंय तर लांब जावा," वहिनी म्हणते. "भेंडी खाताना नाय आला तो वास?"

परसाचा एक नियम आहे. तो कोणी ठरवला नाही, आपोआप पडला. माझे बाबा डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे आहेत. त्यांची शिफ्ट बदलत राहते. आईला गणपतीच्या आधीचे महिने मान वर करायला वेळ नसतो. वहिनी माहेरी गेली की चार दिवस येत नाही. तेव्हा ज्याच्या हातात डबा असेल त्याने आपलं झालं की शेजारच्या वाफ्यात एक डबा घालायचा. विचारायचं नाही, आणि घातल्याचं सांगायचंही नाही. सांगितलं तर समोरच्याला उपकार वाटतो, असं आई म्हणते. या नियमाने आमची वांगी दोन उन्हाळे जगली. आणि या नियमानेच चाचीचे वाल फसले.

चाची पहिल्या मजल्यावर राहते. चाचा गेल्यापासून एकटीच. तिचा मुलगा आखातात एसी दुरुस्तीच्या कामाला आहे. आम्ही सगळे त्याला भाई म्हणतो, पण मी तरी त्याला मोबाईलच्या पडद्यावरच जास्त पाहिलं होतं. त्याला सुट्टी मिळते ती नेहमी उन्हाळ्यात. तो येतो, आंबे खातो, घरातला पंखा दुरुस्त करतो आणि जातो. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला की या वेळी जानेवारीत येतोय, थोडेच दिवस, पण येतोय. चाची तशीच फोन हातात धरून परसात आली.

"पोपटीच्या टायमाला येतोय माझा पोरगा," ती म्हणाली. तिने सलाम केला नाही, कसे आहात विचारलं नाही, एवढंच सांगितलं.

आमच्याकडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याच्या रानझुडपाचा पाला घालून, त्यात शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी असं ज्याला जे चालेल ते भरून, मडकं पालथं घालून वरून जाळ करायचा. ती पोपटी. भाई आखातात बसून बाकीच्यांच्या पोपटीचे फोटो मोबाईलवर बघायचा आणि चाचीला म्हणायचा, "अम्मी, इथे सगळं मिळतं, हे नाय मिळत."

त्या दिवशी चाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला तोपर्यंत माहीत नव्हती. ही खोलगट जागा म्हणजे तिच्या सासरचीच खाचरं. बिल्डिंगींना जमीन गेली ती त्यांची. परसात वाफे पडले तेव्हा तिने सगळ्यात वरचा, भिंतीकडचा, मुरुम मिसळलेला वाफा का मागून घेतला होता ते आता कळलं. तिथे त्यांचा बांध होता. त्या बांधावर ते दर वर्षी पोपटी लावायचे. भाई तेव्हा शाळेत होता.

"तिथल्याच शेंगा त्याला खायला घालणार," चाची म्हणाली. "हायवेवरच्या टोपलीतल्या नाय. त्याच जागेतल्या."

मग बी आणायला ती रोह्याला निघाली, भावाकडे. मला म्हणाली, "चल गो, तुला सुट्टी हाय ना? एसटीत चढताना माझे गुडघे धरतात." मी गेले. काकांनी आम्हाला कोणत्या गाडीत बसायचं, कोणत्या बाजूला ऊन लागतं, नागोठण्याला कुठला वडा घ्यायचा, सगळं सांगून ठेवलं होतं. रोह्याला तिच्या भावजयीने तांदळाची भाकरी आणि कोलंबी वाढली आणि लाल-तपकिरी, टपोरे वाल जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधून दिले.

"पेणला वाल नाय मिळत?" भावाने विचारलं.

"मिळतात," चाची म्हणाली. "पण बी तुझ्याकडचंच. चाचा होते तेव्हापासून. नाय पिकलं तर भांडायला कोणी नको का?"

बी बरंच होतं. चाचीने आपल्या वाफ्यापुरतं काढून घेतलं आणि उरलेलं आम्हा तिघांना मुठीने वाटलं. म्हणजे चारही वाफ्यांत तेच बी पडलं. जमिनीत अजून ओल होती. पेरून झाल्यावर चाचीने कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "झालं. आता वालाला पाणी नको."

हे तिने सांगायची गरजच नव्हती. काका रोह्याच्या गावातले, भात कापलं की वाल टाकणारे. आई-बाबा दोघंही शेतकऱ्यांच्या घरातले. वहिनीचं गाव खारं, पण वाल तिला माहीत. वाल दवावर येतो. भाताची राहिलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो भागवतो. पाणी दिलं की नुसता माजतो. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

वाल छान उगवले. मी सकाळी परीक्षेचा अभ्यास करायला पुस्तक घेऊन परसात जायचे, कारण घरात बाबा रात्रपाळी करून झोपलेले असायचे. नळाजवळच्या दगडावर बसलं की चारही वाफे दिसतात. महिन्याभराने फरक दिसायला लागला. आमचे वाल बेताचे, जरा रोडच. चाचीचे मात्र असे वाढले की बघत राहावं. हिरवेगार, रुंद पानांचे, भिंतीवर चढायला निघालेले.

"चाची, काय घालतेस गो याला?" वहिनीने विचारलं.

"काय नाय. दुवा," चाची म्हणाली.

ती खूश होती. रोज संध्याकाळी भाईला व्हिडिओ कॉलवर वेल दाखवायची. "बघ, मुरुमातला हाय, तरी बघ." तो तिकडून म्हणायचा, "अम्मी, मोबाईल सरळ धर, नुसतं आकाश दिसतंय."

मग आमच्या वालाला फुलं आली. काकांच्या आली, वहिनीच्या आली. चाचीच्या वालाला पानं आली. आणखी पानं आली. चाची रोज वाकून पानं बाजूला करून आत बघायची.  मग एक दिवस माझ्याजवळ दगडावर येऊन बसली.

"तुझ्या पुस्तकात वालाचं काय हाय का?"

मी कॉमर्सला आहे. "नाही चाची, माझ्या पुस्तकात जमाखर्च आहे."

"मग ते पण नाय कामाचं," ती म्हणाली आणि उसासा सोडून हसली. "तो यायला थोडेच दिवस राहिले. शेंग धरायची कधी, भरायची कधी? पोरगा येईल न् पाला बघून जाईल."

तेव्हा तिचं तोंड उतरलेलं पाहून मला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण जे सांगायचं होतं ते जिभेवर येईना. कारण दोन-तीन वेळा चाचीच्या वालाला मीच पाणी घातलं होतं. तिचा वाफा मुरुमाचा. आमच्या वाफ्यांत ओल धरून राहते, तिच्यात राहत असेल का, असं वाटलं. भाई येणार, तिचे वाल सुकले तर? एक डबा घातला तर काय बिघडतं? मी पानांखाली हळूच ओतलं होतं, वरून ओलं दिसू नये म्हणून.

पण दोन-तीन डब्यांनी वाल एवढे माजत नाहीत. हे मलाही कळत होतं.

शोध चाचीनेच लावला. रविवार होता, सगळे परसात होते. काका मुळे उपटत होते, आई मेथी निवडत होती, बाबांची साप्ताहिक सुट्टी होती म्हणून तेही कुदळ घेऊन उभे होते. चाची तिच्या वालाच्या मुळाशी बसून माती उकरत होती. मग तिने हाक मारली.

"ए गो, इकडे ये. तुझे डोळे चांगले हायत. हे काय हाय?"

मी जाऊन पाहिलं. मातीत बारीक बारीक टिकल्या चमकत होत्या. सोनेरी. त्यांच्या बाजूला पिवळे कपचे. आणि पानाच्या देठाला चिकटलेली एक गुलाबी पापडी. डब्यांच्या काठाला वाळलेला रंग ओतताना सुटून पडतो, तो.

चाचीने तिन्ही रंग तळहातावर घेतले आणि उभी राहिली.

"पीतांबर कोणाचा?" तिने विचारलं.

काकांनी मुळ्याची जुडी खाली ठेवली. "चाची, मी फक्त एकदा... म्हणजे दर गुरुवारी. दत्ताचा वार म्हणून. तुमचा वाफा शेवटच्या स्टॉपचा. वाटलं पाणी पोचत नसेल."

"वालाला पाणी नको ते तुम्हाला माहीत नाय?"

"माझ्या वालाला नको ते माहीत हाय," काका म्हणाले. "तुमच्या मुरुमाचं मला काय माहीत?"

"गुलाबी?"

"मना काय बघतंस?" वहिनी म्हणाली. "व्हय, मीच घातलं. पोरगा येतंय तुझा इतक्या वर्षांनी पोपटीला. सुकले असते तर मनाच बोलली असतीस, शेजारी होतीस न् बघितलं नाय म्हणून. एक गोष्ट चांगली, धुवण नाय घातलं."

"न् सोनेरी?" चाचीने आमच्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणाले. त्याच क्षणी आईपण "मी" म्हणाली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आई कामाला जाताना घालायची, मी अभ्यासाला आल्यावर. पण चाचीचा हात अजून पुढेच होता, कारण सोनेरी टिकल्या फारच होत्या. बाबा कुदळीच्या दांड्याकडे बघत होते. बाबा फार बोलत नाहीत.

"रात्रपाळी करून येताना," ते म्हणाले. "बस इथेच सोडते. डबा समोरच असतो."

 चाची तळहातावरच्या रंगांकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती रडणार किंवा चिडणार. तिने रंग फुंकून टाकले.

"अल्लाह," ती म्हणाली. "भात लावलं असतं तर बरं झालं असतं."

पहिली वहिनी हसली. मग सगळेच. चाचीपण हसली, पण लवकर थांबली. शेंगांचा प्रश्न तसाच होता. काकांनी सांगितलं, आता पाणी तोडा, ओल उतरली की फुलं धरतील. धरतील हे सगळ्यांना मान्य होतं. भाई परत जायच्या आधी धरतील का, हे कोणी बोललं नाही. चाचीने आपला करडा डबा वाफ्याच्या मधोमध काठीवर पालथा घालून ठेवला. खूण म्हणून. आम्ही कोणी त्या बाजूला फिरकलो नाही. बाबा तर रात्रपाळीवरून येताना मागच्या रस्त्याने यायला लागले.

फुलं आली, पण उशिरा, आणि थोडी.

भाई आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळाजवळ बसले होते. तो एकटाच खाली आला. डोक्याला मफलर, पायात चाचीच्या चपला. त्याने मला ओळखलं, "कॉलेजवाली ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाफ्यांमधून चालायला लागला. मग भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मी पुस्तकात बघत होते. आवाज आला म्हणून वर पाहिलं तर तो नळाखाली करडा डबा भरत होता. काठीवरचा काढून घेतला होता.

मी उठेपर्यंत त्याने तो वालाच्या मुळाशी ओतला.

वरून गॅलरीतून चाचीचा आवाज आला. काय म्हणाली ते इथे लिहिता येणार नाही. कोकणी मुसलमानांच्या घरात पोराला प्रेमाने काय काय म्हणतात ते त्या दिवशी मला कळलं.

"अम्मी, पानं मलूल दिसली म्हणून घातलं," भाई वर बघून म्हणाला. "तू एकटीने वाढवलेत ना. वाटलं, माझा पण हात लागू दे."

काका नुकतेच येत होते. त्यांनी सगळं पाहिलं. "घ्या," ते म्हणाले. "हा एकच पॅसेंजर राहिला होता."

भाई जायच्या आदल्या दिवशी पोपटी लावायची ठरली. त्याच्या आधी चाचीने तिचा वाफा खुडला. मी तिच्याबरोबर होते. भरलेल्या शेंगा शोधून शोधून काढल्या, तरी तिच्या ओंजळीत मावल्या. त्यातल्याही अर्ध्या चपट्या होत्या. ती त्या ओंजळीकडे बघत बांध होता त्या जागेवर बसली. भाई बाजूला उभा होता.

आमच्या तिन्ही वाफ्यांत त्या वेळी काय होतं ते सांगायला मला संकोच वाटतो. वाल लगडले होते. कोणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, पाणी दिलं नव्हतं, काळजी केली नव्हती. सगळी काळजी भिंतीकडच्या वाफ्यात ओतून झाली होती. टपोऱ्या, दाणे वर आलेल्या शेंगा, जशा पोपटीला लागतात तशाच. वहिनीने आधीच एक टोपली भरून चाचीच्या शेजारी आणून ठेवली.  चाचीने त्या टोपलीकडे बघितलं नाही.

"दुसऱ्याच्या वाफ्यातल्या घालू का आता त्याला?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "मग हायवेवरच्या काय वाईट?"

मी टोपलीतल्या शेंगा उगाच सारख्या केल्या. 

भाई काकांच्या वाफ्याकडे गेला. तिथून आमच्या, मग वहिनीच्या. पायाने अंतर मोजल्यासारखा चालत होता.

"अम्मी, ही खालची खाचर ना?" त्याने विचारलं. "इथे पाणी तुंबायचं. न् तिथे, कॉलेजवालीच्या वाफ्यात, आपला रेडा बसायचा. चाबूक तुटला तरी उठायचा नाय."

चाचीने मान वर केली. "तिथे नाय. जरा अलीकडे. तिथे तू बेडूक धरायचास."

"म्हंजे आपलीच की सगळी."

"होती," चाची म्हणाली.

"न् बी मामूचं ना?"

"व्हय."

"मग भिंतीपाशी बसून काय शोधतीस? शेत काय तेवढंच होतं?"

चाचीने ओंजळीतल्या शेंगा ओढणीत ठेवल्या. मग वहिनीची टोपली ओढून घेतली आणि त्यातली एक शेंग सोलून दाणा चावून बघितला.

"कडू हाय," ती म्हणाली. "बरोबर हाय." आणि वहिनीला म्हणाली, "एवढ्याशा काय आणल्यास? मडकं केवढं हाय बघितलंस का?"

मग सगळे कामाला लागले. काकांनी "डबल बेल" म्हटलं. आई आणि मी शेंगा खुडल्या. बाबांनी भराव आणि रस्त्याच्या मधल्या गटाराच्या कडेने भांबुर्डा शोधून आणला. तो हाताळला की पुढे दोन दिवस हाताला पोपटीचाच वास येतो. वहिनीने पेंढा आणि गोवऱ्या कुठून मिळवल्या ते तिने सांगितलं नाही. मडकी दोन लागली, कारण तो गुरुवार होता आणि काका गुरुवारी अंडंसुद्धा खात नाहीत. त्यांचं लहान मडकं वेगळं, फक्त शेंगा, बटाटे, रताळी. मोठ्या मडक्यात चाचीने स्वतः मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून ठेवली. तळाला पाला, मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, परत शेंगा. आपली ओंजळ तिने शेवटी घातली. त्या शेंगांना तिने शिवणाचा लाल दोरा बांधला होता.

"हे कशाला?" भाईने विचारलं.

"कळायला नको का कुठल्या?"

मडकी पालथी घातली ती बांधाच्या जागेवरच. जाळ लागला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. चाची मगरीबची नमाज पढून खाली येईपर्यंत गोवऱ्या लाल झाल्या होत्या. बिल्डिंगीतली मुलं वासाने जमा झाली होती आणि काका त्यांना "मागे सरका, आत जागा नाय" म्हणून ओरडत होते.

पोपटी झाली की नाही ते बघायला तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. पाणी चर्र करून लगेच उडालं की झाली. हे काम दर वर्षी कोणीही करतं, त्यात विचार करायचं काही नसतं. त्या दिवशी मात्र काकांनी पिवळा डबा उचलला आणि परत खाली ठेवला. वहिनीने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. बाबा दोन पावलं मागे सरकले. आम्ही सगळे पाण्याच्या चार डब्यांभोवती उभे होतो आणि एकाचाही हात पाण्यात जात नव्हता.

चाचीने आमच्याकडे बघितलं.

"काय झालं? आता पाण्याला हात लावायला लाज वाटते? रोज तर चोरून घालत होते."

तिने करडा डबा भाईच्या हातात दिला. "घाल. आता घाल."

त्याने ओंजळभर पाणी मडक्यावर टाकलं. चर्र झालं आणि वाफ आमच्या तोंडावर आली.

शेंगा वर्तमानपत्रावर ओतल्या तेव्हा भाईने पहिल्यांदा लाल दोरा शोधला. बोटं भाजत होती तरी सोलली. आतले दाणे बारीक, पिचके होते. त्याने ते खाल्ले. आम्ही बघत होतो.

"कशा हायत?" चाचीने विचारलं.

"पाणचट," तो म्हणाला.

"त्यातलं एक डबा तुझं हाय," चाची म्हणाली, आणि काकांच्या वालाच्या मूठभर शेंगा त्याच्यापुढे सारल्या. "हे खा. हे खालच्या खाचरीतलं." त्याने खाल्लं आणि मग बराच वेळ नुसता सोलत आणि खात राहिला. चाची काही खात नव्हती. त्याच्यासमोरची सालं गोळा करत होती आणि ढीग वाढला की बाजूला करत होती. वहिनीने तिच्या हातात अंडं दिलं तेव्हा कुठे तिने तोंडात घास घातला.

भाई दुसऱ्या दिवशी गेला. बाबांची दुसरी पाळी होती, म्हणून ते त्याला हायवेपर्यंत सोडून आले.

त्यानंतर महिन्याभराने चाचीचा वाफा असा लगडला की पानं दिसेनात. आमचे वाल तोवर वाळून गेले होते. तिने शेंगा वेलीवरच सुकू दिल्या, मग गच्चीवर पसरून झोडल्या. वाटीभर वाल रोह्याला भावाला, बियाण्याचे म्हणून. मूठ मूठ आम्हाला. बाकीचे एका डब्यात घट्ट भरून ठेवलेत. ओळखीचं कोणी तिकडे जाणारं मिळालं की त्याच्याबरोबर पाठवायचे आहेत. भाईने फोनवर सांगितलंय, तो तिथे डाळिंब्यांची उसळ करून बघणार आहे. वाल रात्रभर भिजत घालायचे, असं चाची त्याला सांगत होती.

"भिजवताना पाणी किती, अम्मी?" त्याने विचारलं.

फोन स्पीकरवर होता. काका, वहिनी, आई आणि मी परसातच होतो. वहिनीने हातातला गुलाबी डबा खाली ठेवला. काका मुळ्यांवर वाकले.